फूट ड्रॉप आणि आपली अनवाणी घरं (एमएस)

राजेंद्रनगरची | १९ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. वाचते आहे खूप वर्षांपासून, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मला २०१६ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. आधी एका डोळ्याची नजर गेली होती, ती परत आली. मग हाताला मुंग्या. गेल्या दिवाळीपासून उजव्या पायाने त्रास मांडलाय. चवडा वर उचलला जात नाही, पाऊल टाकताना लोंबतो आणि अंगठा जमिनीला घासतो. यालाच फूट ड्रॉप म्हणतात. सुरुवातीला मेघदूत बागेत दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर व्हायचं, आता फाटकापर्यंत गेलं तरी होतं. उजवी चप्पल पुढून झिजलीय, डावी नवीकोरी दिसते. मी घरात कुठे आहे ते सगळ्यांना आवाजावरून कळतं.

मागच्या महिन्यात देवघराच्या उंबरठ्याला अंगठा अडकून पडले. हातात निरांजनाचं ताट होतं. भाजलं नाही, गुडघा सुजला तेवढाच. पण तेव्हापासून सासूबाई मला ताट हातात घेऊ देत नाहीत. काळजीनेच, ते मला कळतं. तरी ते पडण्यापेक्षा जास्त लागलंय.

न्यूरो डॉक्टरांनी एएफओ लिहून दिला. पोटरीपासून तळपायापर्यंत जाणारा पांढऱ्या प्लास्टिकचा स्प्लिंट. बुटात घालून चालले तर पहिल्याच दिवशी फरक कळला. पण बूट मी दिवसातून फार तर दीड तास घालते. बाकी सगळा दिवस स्वयंपाकघर, देवघर, गच्ची, मोरी, सगळं अनवाणी. नुसता एएफओ घालून फरशीवर पाय ठेवला की साबणावर ठेवल्यासारखा सरकतो. दुकानदार म्हणाला, 'घर में भी जूते पहनिए मैडम.' सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या देवघरात बूट घालून जायला त्यांनी परवानगी दिली तरी मला स्वतःलाच जाववणार नाही.

तर ज्यांना हा त्रास आहे ते घरात काय करता? आणि जूनमध्ये भाचीचं लग्न आहे, साडीचं काय करू?

---

सुदामानगर_सी | १९ एप्रिल, रात्री ११:४२

वाचतेय. ताई, गुडघा आता कसा आहे?

---

लष्करवाला | २० एप्रिल, सकाळी ७:०५

आमच्या बाबांना अगदी हेच झालं होतं, ग्वाल्हेरला. कमरेच्या मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशननंतर सहा महिन्यांत पाऊल उचलायला लागले. तुम्ही मणक्याचा एमआरआय करून घ्या. पट्टा वगैरे नंतर बघा. पट्ट्याची सवय लागली की स्नायू आणखी आळशी होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

विश्वामित्री | २० एप्रिल, सकाळी ९:३०

मी बडोद्याचा, एमएसला १४ वर्षं झाली, डावा पाय. अनवाणीपणाचा प्रश्न मला रोज पडतो आणि डॉक्टरांच्या खोलीत तो कधीच निघत नाही, कारण तिथे आपण बूट घालूनच गेलेलो असतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

---

चालतीबोलती | २० एप्रिल, दुपारी २:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदूरमध्येच. न्यूरोचे पेशंट जास्त बघते.

आधी लष्करवाला यांच्यासाठी. बाबांचा आणि ताईंचा पाय बाहेरून सारखा दिसतो, पण बिघाड वेगळ्या जागी आहे. चकतीने नस दाबली तर मणक्यातून बाहेर पडलेली तार दुखावते. दाब काढला की ती सुधारू शकते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खरवडते. नडगीचा स्नायू आणि पायातली नस बहुतेक वेळा ठीक असते, वरून निघालेला हुकूमच नीट पोचत नाही. बरोबरीने पोटरी कडक होते आणि पाऊल खाली ओढते. म्हणजे उचलणारा कमजोर आणि ओढणारा जोरात, असं दुहेरी भांडण आहे. अर्थात एमएस असलेल्या माणसाला चकतीचा त्रासही होऊ शकतो. शंका असेल तर एनसीव्ही-ईएमजी, म्हणजे नस आणि स्नायूंची विजेवरची तपासणी, करून कळतं.

सवयीबद्दल: फूट ड्रॉपमध्ये माणूस पाय कमरेतून उचलतो किंवा बाहेरून अर्धगोल फिरवून आणतो. त्यात इतकी शक्ती जाते की स्वयंपाक होईपर्यंत माणूस गळून जातो. एएफओ ती शक्ती वाचवतो आणि पडणं टाळतो. व्यायाम एएफओ काढून, बसून करायचाच. त्यासाठी एएफओ टाळायचं कारण नाही.

आता घरासाठी. एक, घोट्याला एक पट्टा, चवड्याला दुसरा, आणि दोन्हींना जोडणारं इलॅस्टिक, असे अनवाणी घालायचे पट्टे मिळतात. ज्यांची पोटरी फार कडक नाही त्यांना घरात पुरतात. दोन, ऑर्थोटिस्टकडून (असे स्प्लिंट बनवणारा तज्ज्ञ) एएफओच्या तळाला पातळ न घसरणारं रबर चिकटवून घ्यायचं. तेव्हा दुसऱ्या पायातही तेवढ्याच जाडीचं काहीतरी हवं, नाहीतर कंबर दुखायला लागते. तीन, फक्त घरात वापरायचे स्वतंत्र बूट. तिन्ही माझ्या पेशंटमध्ये चालले आहेत. कुणाला काय चालेल ते पाय हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि ताई, एएफओ काढल्यावर रोज पाय बघा. एमएसमध्ये स्पर्श कमी झालेला असतो, टोचलेलं कळत नाही. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट घासून घ्यायला पाठवा.

---

लष्करवाला | २० एप्रिल, दुपारी ३:०२

समजलं. माझा समज चुकीचा होता. धन्यवाद मॅडम, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

---

तुकोगंजचे_नाना | २० एप्रिल, सायंकाळी ५:४०

'घर में भी जूते पहनिए' हे वाचून मला जयपूर फूट आठवला. परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय बुटासाठीच केलेले असत. आपला माणूस शेतात अनवाणी चालणार, मांडी घालून जेवणार, उकिडवा बसणार. मग १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी रबराचा पाय केला, त्यावर अनवाणी चालता येतं आणि उकिडवं बसताही येतं. सेठींना पुढे १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे आपली घरं कशी आहेत ते बघून वस्तू बनवता येते, हे आपल्याकडे एकदा सिद्ध झालेलं आहे. फूट ड्रॉपच्या पट्ट्यांसाठी कुणी तेवढा विचार का करू नये?

---

विश्वामित्री | २० एप्रिल, रात्री १०:२०

नाना, अगदी मनातलं बोललात.

माझा अनुभव. मी विजेवर चालणारं यंत्र वापरतो, एफईएस म्हणतात. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं, त्याच्या जवळून चवडा उचलणारी नस जाते. तिथे पट्टा बांधतात. पाऊल उचललं की यंत्र हलका झटका देतं आणि चवडा आपोआप वर येतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी खोलीत एकटाच वेड्यासारखा फेऱ्या मारत होतो. सहा वर्षांनी माझी टाच आधी टेकत होती!

पायातली नस शाबूत असेल तरच हे चालतं, म्हणून चालतीबोलती यांनी सांगितलेली तपासणी आधी करा. कल्पना बरीच जुनी आहे. १९६१ साली लिबर्सन यांनी पक्षाघाताच्या रुग्णांवर ही वापरली, तेव्हा टाचेखाली बुटात बटण असायचं. टाच उचलली की बटण सुटायचं आणि झटका बसायचा. बूट नाही तर बटण नाही! आता पट्ट्यातच पायाचा कल ओळखणारा सेन्सर असलेली यंत्रं आली आहेत, ती अनवाणी चालतात. मी हेच बघून घेतलं. महाग आहे, आधी आठवडाभर वापरून बघायला मिळालं तरच घ्या. बडोद्याच्या घामात पॅड निघून येतं, मे महिन्यात मी खिशात जादा पॅड ठेवतो. मोरीत अर्थातच काही चालत नाही. तिथे दोन दांडे भिंतीला, रबरी चटई, आणि बसून आंघोळ.

चटईवरून आठवलं. पायपुसणी आणि सतरंज्या आजच उचला. आम्ही उचलल्या आणि माझं पडणं निम्म्यावर आलं.

---

छप्पन_भोग | २१ एप्रिल, सकाळी ८:१२

माझ्या मोठ्या बहिणीला एमएस आहे. तिला केरळी पद्धतीने गरम तेलाचा मसाज आणि वाफ दिली होती, नसा मोकळ्या होतील म्हणून. पोटरी छान सैल झाली. तुम्हीही करून बघा ताई, तेल पोटात जात नाही, तोटा काहीच नाही.

---

बडा_गणपती | २१ एप्रिल, सकाळी ९:०१

थांबा! वाफेबद्दल कृपया सावध. माझ्या नवऱ्याला (एमएस, ९ वर्षं) वाफेच्या पेटीतून दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं. दोन्ही पाय गेले होते. गार पाण्याने पुसून पंख्याखाली झोपवलं, तासाभराने पाय परत आले. तो तास मी कधीच विसरणार नाही.

---

चालतीबोलती | २१ एप्रिल, दुपारी १:३०

बडा गणपती, +१. कोमट तेलाने हलका मसाज ठीक आहे, वाफ आणि कढत पाणी नको.

याला उठॉफची लक्षणं म्हणतात. विल्हेल्म उठॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये पाहिलं की श्रम केल्यावर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळलं की कारण उष्णता. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश आधीच काठावर जात असतो, शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडतो. एमआरआय येण्याआधी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून बघत, लक्षणं वाढतात का म्हणून.

दिलासा एवढाच की यात नवीन इजा होत नाही, शरीर गार झालं की पाय पूर्वपदावर येतो. धोका पडण्याचा आहे. ताप आला किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी पाय असाच ढासळतो, तेव्हा आधी लघवी तपासा. आणि ताप नसताना नवीन कमजोरी २४ तासांहून जास्त टिकली तर फिजिओकडे नको, सरळ न्यूरोला फोन.

---

छप्पन_भोग | २१ एप्रिल, दुपारी १:५५

बापरे, हे माहीतच नव्हतं. ताईला लगेच फोन करते. बडा गणपती, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

राजेंद्रनगरची | २१ एप्रिल, रात्री ९:४८

किती लिहिलंत सगळ्यांनी! वाचताना दोनदा रडू आलं. मला वाटत होतं अनवाणीचं दुखणं माझं एकटीचंच आहे आणि जरा क्षुल्लक आहे.

उष्णतेचं आत्ता कळलं. पोळ्या करून झाल्या की पाय नेहमीच सर्वात वाईट असतो. मी समजत होते उभं राहून दमते. तवा!

विश्वामित्री दादा, पायपुसणी उचलली. नवऱ्याने आंबे आणायच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकली.

---

बडा_गणपती | २१ एप्रिल, रात्री १०:३०

पोळ्या सकाळी सहाला, खिडकी उघडी, मानेवर ओला पंचा, शेजारी माठातल्या पाण्याचा तांब्या. आणि कणीक स्टुलावर बसून. आमच्याकडे आता पोळ्या नवराच करतो, बसून. मला त्यापेक्षा चांगल्या जमत नाहीत, म्हणून तक्रार नाही 🙂

फॅम्प्रिडिनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. चालण्यासाठीची गोळी आहे, अमेरिकेत जानेवारी २०१० मध्ये मान्य झाली. १० मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी दोनदा. ह्यांना सुरू करण्याआधी फिजिओने २५ फूट चालायला लावून घड्याळ लावलं: १४ सेकंद. दोन आठवड्यांनी साडेदहा. शेजारच्या खोलीतून चालण्याचा आवाज बदललेला मला कळला. सगळ्यांना लागू पडत नाही, चाचण्यांत साधारण तिघांतल्या एकालाच स्पष्ट फायदा दिसला. आधी क्रिएटिनिन तपासतात, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर देत नाहीत. कधीही फिट आली असेल तर अजिबात नाही. गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, फिटचा धोका वाढतो.

---

रेवाकाठ | २२ एप्रिल, सकाळी १०:१७

मी ती गोळी महिनाभर घेतली, घड्याळात काडीचा फरक नाही, वर झोप उडाली. डॉक्टरांनी बंद केली. मला बॅक्लोफेनने, म्हणजे स्नायूंचा कडकपणा कमी करणाऱ्या गोळीने, जास्त फायदा झाला, पण तिथेही तोल सांभाळावा लागतो. डोस वाढवला तेव्हा पोटरीचा कडकपणा गेला आणि पाय वातीसारखा लुळा पडला. तो कडकपणाच मला उभं धरत होता, हे तेव्हा कळलं. मग डोस खाली आणला. ही गोळी एकदम बंद करायची नाही, हेही लक्षात ठेवा.

---

सुदामानगर_सी | २२ एप्रिल, दुपारी १२:४०

थोडं विषयांतर. एमएस २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये आहे, ४० टक्क्यांवर प्रमाणपत्र मिळालं तर सवलतींसाठी उपयोग होतो. ताई, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंत का?

---

रेवाकाठ | २२ एप्रिल, दुपारी १:२५

काढताना मला फार मनस्ताप झाला. सकाळी साडेनऊला, गारव्यात, ताजा असताना तपासणी झाली आणि ऐकावं लागलं, 'आप तो अच्छे से चल रहे हो.' दुपारी त्याच जिन्यावर मला दोघांनी उतरवलं, ते बघायला तिथे कुणी नव्हतं. तपासणीच्या दिवशी न्यूरोचं पत्र, एमआरआय आणि २५ फुटांच्या चाचणीची लेखी नोंद सोबत न्या. शक्य असेल तर थोडं चालून झाल्यावर तपासा अशी विनंती करा. मला दुसऱ्या खेपेला मिळालं.

---

तुकोगंजचे_नाना | २२ एप्रिल, दुपारी ४:१०

मंडळी, साडीचं राहिलंच की. माझी बायको विचारते आहे.

---

छप्पन_भोग | २२ एप्रिल, सायंकाळी ६:३३

बहीण म्हणते, नऊवारी! निऱ्या मागे काष्ट्यात जातात, पुढे पायात येणारं काहीच नाही, आणि घोट्याच्या वर नेसली तरी शोभते. पाचवारीत निरीची किनारच चवड्याखाली जाते. पाचवारीच हवी असेल तर एएफओ आणि बूट घालून मगच नेसायला सुरुवात करायची, जमिनीपासून दोन बोटं वर, निऱ्यांना आतून पिन. आधी साडी आणि मग बूट केलं की लांबी चुकते.

---

चालतीबोलती | २२ एप्रिल, रात्री ८:५०

बहिणीला माझा नमस्कार सांगा, हे मी पेशंटना सांगणार.

कार्यालयात जिना असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. काठी घ्यायची तर उजवा पाय कमजोर म्हणून डाव्या हातात. बरेच जण कमजोर बाजूलाच धरतात. आणि रोजचं: खुर्चीत बसून पाय समोर सरळ, चवड्याला ओढणीचा फास, हळूच आपल्याकडे ओढून अर्धा मिनिट थांबायचं, असं चार-पाचदा. मग टाच जमिनीवर ठेवून चवडा वर उचलायचा प्रयत्न. दहा वेळा जमत नसेल तर चार, दमायच्या आधी थांबायचं. रात्री जड पांघरूण पावलावर नको, ते चवडा खाली दाबून ठेवतं.

अजून एक. स्कूटर चालवता का? उजवा पाय आहे म्हणून विचारते.

---

राजेंद्रनगरची | २२ एप्रिल, रात्री ९:३०

जानेवारीत सोडली. सिग्नलला उजवा पाय टेकवला आणि तो दुमडला. ब्रेक हातात असले तरी गाडी थांबल्यावर पायच लागतो. कुणाला लागलं नाही. चावी लेकीला दिली. तिच्या मागे बसून पहिल्यांदा गेले तेव्हा राजवाड्यापर्यंत एक शब्द बोलले नाही.

---

लष्करवाला | २२ एप्रिल, रात्री ९:५२

ताई, वेळेवर सोडलीत. ते सोपं नसतं.

---

सुदामानगर_सी | १७ जून, सकाळी ११:०५

धागा वर काढते. ताई, लग्न कसं झालं?

---

राजेंद्रनगरची | १८ जून, रात्री १०:१५

क्रमाने सांगते.

चालतीबोलती यांना व्यनि करून भेटले. त्यांनी पाय बघून सांगितलं की माझी पोटरी बरीच कडक आहे, नुसता इलॅस्टिकचा पट्टा पुरणार नाही. तो घेऊन बघितला, पाच मिनिटं चांगला, मग पाऊल आत वळायला लागलं. एएफओच्या तळाला रबर लावलं, ते स्वयंपाकघरात बरं चाललं, पण डाव्या पायाची जाडी काही जुळेना.

शेवटी घरातले बूट. बहिणीबरोबर जाऊन पांढरे कापडी बूट आणले, एक नंबर मोठे, आतली गादी काढली की एएफओ बसतो. घरी आणून खोक्यातच ठेवले. चार दिवस धीर होईना. पाचव्या दिवशी सासूबाईंनीच खोका उघडला, बूट उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, 'चामडं नाही ना यात?' म्हटलं नाही, कापड आणि रबर. तर म्हणाल्या, 'मग हे धुतलेलं वस्त्रच की. बाहेर घालून जाऊ नकोस म्हणजे झालं.' त्यांनी स्वतः बादलीत भिजवून, धुऊन गच्चीवर वाळत घातले. अक्षय्य तृतीयेला मी ते बूट घालून देवघरात गेले. उंबरठ्यावर नवऱ्याने पिवळी पट्टी चिकटवली आहे, ती लांबूनच दिसते. ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. आरती होईपर्यंत त्यांचा एक हात माझ्या कोपराखाली होता.

लग्नात नऊवारी नेसले. मंगलाष्टकांना उभी राहिले, पंगतीत खुर्चीवर बसले. दुपारी कार्यालयात फार उकडलं तेव्हा पाय गेला. ओला पंचा, बर्फाचं पाणी, वीस मिनिटं वधूच्या खोलीतल्या एसीत, आणि परत बाहेर. आधी असं झालं असतं तर मी घाबरून घरी गेले असते.

फॅम्प्रिडिनबद्दल न्यूरोंशी बोलले, क्रिएटिनिनची तपासणी झाली आहे, पुढच्या आठवड्यात ठरेल. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवते: २५ फूट, १२ सेकंद.

---

तुकोगंजचे_नाना | १८ जून, रात्री १०:४०

बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार सांगा.

---

विश्वामित्री | १९ जून, सकाळी ८:२०

यंत्र आहे तरी ते चार्जिंगला लावलं की मी घरात अडकतो. हे कापडी बूट मला सुचले नव्हते. ताई, दोन्ही पायांना एक नंबर मोठा घेतलात का? माझा डावा एएफओत आणि उजवा मोकळा राहील.

---

राजेंद्रनगरची | १९ जून, सकाळी ९:०२

दोन्ही मोठे. डाव्यात आतली गादी तशीच ठेवली आणि जाड मोजा घालते, मग सैल होत नाही. घेताना एएफओ सोबत घेऊन जा, आणि नाडीचे घ्या, चेनचे नको. नाडीचे खालपर्यंत उघडतात.